एका इंजिनाचे रसग्रहण

समीक्षक व्हायला मराठीत एम. ए. लागते असा माझा समज होता, म्हणून आजवर त्या वाटेला गेलो नाही. मी बी. कॉम. आहे, आणि तेही शेवटच्या वर्षी ऑडिटिंगच्या पेपरात विद्यापीठाने दाखवलेल्या मोठ्या मनामुळे. परंतु बावीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे बसून चेकवरच्या सह्या पडताळल्या की माणसाच्या अंगी थोडीफार रसिकता आपोआप येते. एकाच खातेदाराच्या दोन सह्या शेजारी ठेवल्या तर दुसरीतली शेपटी कुठे उपरी वाटते, हे मला लांबून कळते. एवढ्या भांडवलावर मी आज एका कलाकृतीचे रसग्रहण करणार आहे. शाळेत रसग्रहणाच्या प्रश्नाला चार गुण असत आणि मला त्यांतले दीड मिळत, हे मनाशी धरूनच वाचकांनी पुढे जावे.

कलाकृती म्हणजे आमच्या शोकेसमध्ये संगमरवरी ताजमहाल आणि पितळी विठ्ठल-रखुमाई यांच्यामध्ये उभे असलेले एक रेल्वे इंजिन. लांबी वीतभराच्या आत. प्रमाण १:८७, म्हणजे खऱ्या इंजिनाचे ८७ मिलिमीटर ते ह्याचे एक. रंगकामाचे साडेआठशे रुपये मी स्वतः मोजलेले आहेत, हे समीक्षकाने सुरुवातीलाच जाहीर केलेले बरे.

इंजिन बार्शी लाइट रेल्वेचे. आमच्या जिल्ह्यात ह्या नावासरशी साठीच्या पुढची माणसे खुर्चीत सरसावून बसतात. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने अडीच फूट रुंदीच्या रुळांवर ही गाडी चालवली. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आपली कुर्डुवाडी, तिथून बार्शी गावापर्यंत ती धावू लागली. मग १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरज. कोणत्याही चाकजोडीवर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये हा कॅलथ्रॉपचा हट्ट होता. त्यासाठी त्याने इंजिनाला चाके जास्त लावली, भार वाटून दिला आणि हलक्या रुळांवरून मोठी गाडी नेऊन दाखवली. इकडे पाठवण्याआधी हा सगळा संसार त्याने लीड्सजवळ रूळ टाकून लोकांना चालवूनही दाखवला होता. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात हाच गृहस्थ वैमानिकांसाठी पॅराशूट तयार करू लागला. भार हलका करण्याचा नाद एकदा लागला की माणूस कुठवर जातो पाहा. १ जानेवारी १९५४ ला ही रेल्वे सरकारने घेतली, आणि २००० नंतरच्या दशकात तिचे रूळ एकेक करून रुंद झाले. आता त्याच वाटेने मोठी गाडी जाते आणि वेळेवर पोचते. त्यामुळे तिच्याविषयी कोणाला काही सांगण्यासारखे उरत नाही.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, कुर्डुवाडीच्या शेडमध्ये फायरमन होते. आषाढीला पंढरपूरची गाडी ओढणारे इंजिन त्यांनी पेटवलेले आहे. आज त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर. माझा भाचा पुण्यात असतो, आणि त्याच्याकडे पोटमाळ्यावर मावेल एवढे थ्रीडी प्रिंटर नावाचे यंत्र आहे. आजोबांच्या वाढदिवसासाठी त्याने जुन्या फोटोंवरून एका इंजिनाचे धड त्या यंत्रात छापून काढले. पुढे दोन लहान चाके, मध्ये आठ मोठी, मागे दोन लहान, आणि मागे टेंडर. खालचा चालता सांगाडा त्याने तयार विकत घेतला. तो ९ मिलिमीटरच्या रुळांवर चालतो. ९ गुणिले ८७ म्हणजे ७८३, आणि खरे रूळ ७६२ मिलिमीटरचे. फरक २१ मिलिमीटर. एवढा फरक आमच्या शाखेत निघाला असता तर रात्री साडेनऊपर्यंत कोणी घरी गेले नसते. पण भाच्याने "मामा, चालतं तेवढं," म्हणून तो सस्पेन्स खात्यात टाकला.

इंजिन सोलापूरला आले ते करड्या रंगाचे. हात लावला की थंड लागायचे आणि दिसायचे तापातून उठलेल्या माणसासारखे. रंग सोलापुरात द्यायचा असे ठरले, कारण पुण्याच्या एका हौशी कारागिराने सांगितलेल्या भावात मी माझी स्कूटर रंगवून घेऊ शकलो असतो.

पेंटर शोधायला लांब जावे लागले नाही. साखर पेठेच्या अलीकडे ज्यांचे दुकान आहे ते आमचे पेंटर एके काळी अर्ध्या सोलापूरच्या पाट्या रंगवत. सराफाच्या दुकानाचे नाव ते असे लिहीत की अक्षरांवरच दागिने घातल्यासारखे वाटावे. मग फ्लेक्स आला. आता ते गाड्यांचे नंबर आणि पाण्याच्या टाक्या रंगवतात. इंजिन हातात घेऊन त्यांनी ते बराच वेळ फिरवले.

"खेळणं हाय का?"

"नाही. मॉडेल आहे."

"म्हंजे खेळणंच की."

"अण्णांसाठी आहे. ते हेच इंजिन चालवायचे."

"मग आधी सांगायचं की, साहेब," ते म्हणाले आणि त्यांनी इंजिन कापसावर ठेवले. "कलर कुठला?"

"काळा," मी म्हणालो. सगळा घोटाळा ह्या एका शब्दात होता, हे मला तेव्हा कळले नाही.

आठ दिवसांनी इंजिन तयार झाले. त्या पहिल्या आवृत्तीचे परीक्षण मी आता करतो.

प्रथम गुण. टेंडरवरची 'म. रे.' ही दोन अक्षरे. गव्हाच्या दाण्याएवढी, पण वळण असे की मध्य रेल्वेने स्वतः कधी एवढे सुंदर लिहिले नसेल. पुढच्या आडव्या पट्टीचा लाल रंग सरळ, कडा सुरीने कापल्यासारखी. आणि टेंडरच्या मागे, खाली उजव्या कोपऱ्यात, पेंटरांची सही आणि तिच्याखाली 'सोलापूर'. दोन मिलिमीटरची अक्षरे. खऱ्या इंजिनावर ती साडेसतरा सेंटिमीटर उंच झाली असती आणि रेल्वेने त्यांना नोटीस पाठवली असती. पण सही अस्सल होती. मी डोळे झाकून पास केली असती.

आता दोष. पेंटरांनी आयुष्यभर रंगवले पत्र्यावर, तेही रस्त्याच्या पलीकडून दिसावे म्हणून. त्यांनी घट्ट ऑइलपेंट ब्रशने दोन हात दिला. थर निघाला अर्धा मिलिमीटर. ८७ ने गुणले तर साडेत्रेचाळीस मिलिमीटर. म्हणजे इंजिनावर पावणेदोन इंच जाडीचा रंग बसला. बॉयलरवरचे रिव्हेट, जे भाच्याने एकेक मोजून छापले होते, ते श्रीखंडात बुडालेल्या चारोळीसारखे नाहीसे झाले. ब्रशचा एक केस धुरांड्याजवळ चिकटून राहिला होता. तोही मोजला. दोन सेंटिमीटर, म्हणजे पावणेदोन मीटरचा दोरखंड. आणि चमक! अहो, इंजिनात तोंड पाहून भांग पाडता यावा अशी चमक.

आमच्या सौ.ने एका वाक्यात समीक्षा केली. "छान दिसतंय. कुकरसारखं."

अण्णांनी ते हातात घेतले. खिडकीपाशी नेले. उलटे करून चाके पाहिली, एका बोटाने फिरवली. मग म्हणाले, "हे इंजन निळं का रंगवलं?"

"अण्णा, काळं आहे ते."

"मला काळं नि निळं कळत नाही?"

मी डबा आणून दाखवला. डब्यावर 'ब्लॅक' लिहिले होते. अण्णा म्हणाले, डब्यावर काहीही लिहितात. घरातल्या सगळ्यांची मते घेतली. सहा विरुद्ध एक असा काळ्याच्या बाजूने ठराव झाला, पण अण्णांनी तो फेटाळला. शेवटी शेजारच्या रंगमास्तरांना बोलावले. ते पूर्व भागात सूत रंगवण्याच्या कारखान्यात चाळीस वर्षे होते. सोलापुरी चादरीतला काळा धागा कोणत्या हौदातून निघाला, हे ते चादर धुतल्यावरही सांगतात. त्यांनी इंजिन उजेडात धरले, सावलीत धरले आणि म्हणाले, "काळा असा रंगच नसतो बघा. लालसर काळा असतो, हिरवट काळा असतो, निळसर काळा असतो. गिऱ्हाइकाला तिन्ही एकच वाटतात आणि शेजारी ठेवले की भांडण होतं. हा सरळ काळा आहे. निळा म्हणावा एवढा नाही."

"म्हणजे थोडा आहे," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेलो तर अण्णा इंजिन समोर ठेवून डावा डोळा हाताने झाकून पाहत होते. मग उजवा झाकला. मग पुन्हा डावा.

"काय बघायलाय?"

"गंमत आहे," ते म्हणाले. "ह्या डोळ्यानं निळं दिसतंय. ह्या डोळ्यानं बरोबर."

डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू चार महिन्यांपूर्वी काढला होता. उजव्याचा राहिला होता. डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारले तेव्हा त्यांना आश्चर्य वाटले नाही. मोतीबिंदू चढत जातो तसे डोळ्यातले भिंग पिवळे, तपकिरी होत जाते. इतक्या हळू की माणसाला पत्ता लागत नाही. ते काढून स्वच्छ भिंग बसवले की इतकी वर्षे अडलेला निळा उजेड एकदम आत येतो. बऱ्याच जणांना काही दिवस पांढरी भिंतसुद्धा निळसर दिसते. अण्णांचे एक खाते नवीन हिशेबाने चालू होते, एक जुन्या, आणि दोन्हींची शिल्लक जुळत नव्हती.

इथे मला, एक समीक्षक म्हणून, शंका आली. अण्णा इंजिनावर होते ते तरुणपणी. तेव्हा त्यांचे दोन्ही डोळे स्वच्छ होते. मग खऱ्या इंजिनाचा काळा रंग त्यांना ऑपरेशन झालेल्या डोळ्याने ओळखू यायला हवा, मोतीबिंदूच्या नव्हे. हे मी त्यांना, जरा भीत भीत, विचारले. ते हसले.

"इंजन कधी काळं असतं का रे? पहिल्या दिवशी असतं. शेडमधून निघालं की तेल उडतं, वाफ उडते, कोळशाची भुकटी बसते, त्यावर रस्त्याची लाल धूळ. धुरांड्याखालचा रंग जळून राखाडी होतो. पाण्याच्या झाकणापाशी पांढरे ओघळ येतात. आम्ही चिंध्या घेऊन पुसायचो, पण पुसलं की तेल पसरायचं. तपकिरी असतं इंजन."

म्हणजे पेंटरांनी जे दिले नव्हते ते अण्णांच्या उजव्या डोळ्याने परस्पर भरून घेतले होते. मॉडेल करणारे लोक नव्या रंगावर मुद्दाम जुनेपण चढवतात, त्याला वेदरिंग म्हणतात. परदेशात त्यासाठी बाटल्या आणि पुड्या विकत मिळतात. आमच्या घरी ते काम मोतीबिंदू फुकट करत होता.

भाच्याला फोन केला तर तो म्हणाला, "मामा, छोट्या मॉडेलला पक्का काळा द्यायचाच नसतो. लांबच्या वस्तूचा रंग फिका दिसतो, म्हणून गडद करडा द्यायचा, तोही बिनचमकीचा, फवाऱ्याने." हे त्याने साडेआठशे रुपये खर्च होण्याआधी सांगितले असते तर त्याच्या शिक्षणावर बहिणीने केलेला खर्च मला योग्य वाटला असता.

ह्या निमित्ताने माझे एक मत बनले आहे, ते नोंदवून ठेवतो. कोथरूडला जोशी मंडळींचे मिनिएचर रेल्वेचे संग्रहालय आहे. १९९८ पासून ते लोकांसाठी खुले आहे. मी मुलांना घेऊन तिथे गेलो होतो. अख्खे शहर टेबलावर वसवलेले, सिग्नल पडतात, गाड्या आपापल्या वेळेला निघतात, रात्र होते, दिवे लागतात. पोरे तर पोरे, मीही तोंड उघडे टाकून पाहत होतो. तिथे चकाकणारे इंजिन शोभते, कारण ते सगळे गावच इस्त्री केलेले आहे. सणाच्या दिवशीचे गाव म्हणा ना. तिथे धूळ घातली तर तो अपमान होईल. आमच्या इंजिनाला मात्र गाव नव्हते. ते एकटे शोकेसमध्ये उभे राहणार, आणि त्याला पाहणारा एकच माणूस असा की ज्याने त्याच्या पोटात कोळसा टाकला आहे. त्याच्यासमोर ते नवरदेवासारखे नटून उभे राहिले, ही रंगाची नव्हे, ओळखीची चूक झाली. १० फेब्रुवारी २०२३ ला मुंबई–सोलापूर वंदे भारत सुरू झाली तेव्हा मी अण्णांना स्टेशनवर नेले होते. पांढरीशुभ्र गाडी पाहून सगळे टाळ्या वाजवत होते. अण्णा एवढेच म्हणाले, "पांढरी? सोलापुरात?" आणि धुणाऱ्या माणसाची त्यांना काळजी लागून राहिली.

तर इंजिन पुन्हा साखर पेठेच्या बाजूला गेले, ह्या वेळी अण्णांसह. पेंटरांना दोष सांगणे हे अवघड काम होते. त्यांनी रंग उतरवायचे कबूल केले, पातळ रंग फवाऱ्याने मारायचेही कबूल केले. गाड्यांच्या टाक्या रंगवायचा फवारा त्यांच्याकडे होताच. पण त्यावर घाण करायची म्हटल्यावर त्यांनी ब्रश खाली ठेवला.

"अण्णा, चाळीस वर्षं मी घाण पुसून रंग दिलाय. रंगावर घाण देऊ? लोक काय म्हणतील?"

"लोक कशाला बघतील?"

"माझी सही हाय त्यावर."

हा मुद्दा मला पटला. ज्या कागदावर सही आहे त्या कागदावर डाग नको, हे मला बँकेने शिकवले आहे. त्या दिवशी दोघे चहा पिऊन तसेच उठले.

पण दोन दिवसांनी अण्णा एकटेच रिक्षाने तिकडे गेले. जाताना स्वयंपाकघरातून जुन्या लोखंडी तव्याच्या बुडाची काजळी कागदात खरवडून घेऊन गेले. आमच्या सौ.ला तवा तेवढ्यापुरता स्वच्छ मिळाला, ह्यापलीकडे तिने त्यात रस घेतला नाही. त्यानंतर आठवडाभर दुपारी दोन ते पाच अण्णांचा मुक्काम पेंटरांकडे. मी एकदा बँकेतून येताना डोकावलो, तर पेंटर सर्वांत बारीक ब्रश घेऊन बसले होते आणि अण्णा एखाद्या साहेबासारखे शेजारी बसून सांगत होते, "इथं नाही. इथं फायरमनचा हात लागतो, इथं घासून चकचकीत होतं. पायरीवर कर. पायरीवर रोज बूट." पेंटर मान हलवत होते. दुकानाबाहेर एक टाकीवाला ताटकळत उभा होता, त्याला त्यांनी उद्या यायला सांगितले.

दुसऱ्या आवृत्तीचे परीक्षण आता थोडक्यात करतो. रिव्हेट परत आले. धुरांड्याखाली राखाडी, बॉयलरच्या पोटाला तेलकट तपकिरी, टेंडरच्या कडेवर कोळशाची बारीक भुकटी. 'म. रे.' ही अक्षरे तशीच सुंदर, पण 'रे'वर काजळीचे एक बोट फिरले आहे. ते बोट अण्णांचे आहे. दोषही आहेत. पाण्याचे पांढरे ओघळ जरा जास्त झाले आहेत. पेंटरांना पांढरा ब्रश हातात आला की आवरत नाही. लाल पट्टी तर त्यांनी हात न लावता तशीच ठेवली. तेवढी एक जागा त्यांच्या तत्त्वाची राहिली. अण्णांनी ती चालवून घेतली. नवी पट्टी बसवून शेडमधून निघालेले इंजिन आहे असे समजायचे.

आणि टेंडरच्या मागची सही गेली. मी विचारले तेव्हा पेंटरांनी इंजिन उलटे केले. टेंडरच्या पोटाला, दोन चाकांच्या मध्ये, जिथे कोणीच पाहणार नाही, तिथे ती आहे. शेजारी अण्णांचे नाव. फायरमन, कुर्डुवाडी.

राहिला प्रश्न उजव्या डोळ्याचा. डॉक्टर म्हणतात, मोतीबिंदू पिकला आहे, आता थांबू नका. अण्णा महिनाभर टाळत होते. कारण सांगत नव्हते, पण रोज सकाळी डावा डोळा झाकून शोकेससमोर बसत होते, त्यामुळे सांगायची गरज नव्हती. आमची सौ. चिडली, बहिणीचा पुण्याहून फोन आला, मी रजेचा अर्ज लिहून फाडला.

परवा अण्णा स्वतःच म्हणाले, "पुढच्या सोमवारची तारीख घे." मला वाटले, डॉक्टरांचे पटले. तसे नव्हते. ते आधी पेंटरांकडे जाऊन आले होते. ऑपरेशननंतर दोन्ही डोळ्यांनी सगळेच निळे दिसू लागले, तर त्या काळ्यात तपकिरी किती वाढवावे लागेल, ह्याची चर्चा दोघांनी रंगमास्तरांना बसवून केली होती. पेंटरांनी त्या हिशेबाने रंग कालवून खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवला आहे. बाटली मी पाहिली. तिच्यावर कागद चिकटवून त्यांनी सराफाच्या पाटीच्या वळणात लिहिले आहे: 'अण्णा. ऑपरेशननंतर.'